पार्टिशनला हात लावण्याआधी: विंडोज आणि लिनक्स एकत्र असलेल्या संगणकात बूटिंग कुठे अडतं

एकाच लॅपटॉपवर टॅलीसाठी विंडोज आणि अभ्यासासाठी उबंटू किंवा मिंटसारखं लिनक्स, अशी जोडी नाशिकमध्ये आता घरोघरी दिसते. इंजिनीअरिंगच्या मुलांना प्रॅक्टिकलसाठी लिनक्स लागतं. विंडोज १०चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले, त्यामुळे जुन्या मशीनवर शेजारी लिनक्स बसवणारेही पुष्कळ आहेत. काही महिने सगळं सुरळीत चालतं. मग एक दिवस सी ड्राइव्ह लाल होतो, किंवा लिनक्सला दिलेले ४० जीबी अपुरे पडतात, आणि कुणीतरी विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट उघडून पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा केलेला एक भाग, उडवतं. पुढच्या वेळी मशीन चालू केलं की काळ्या पडद्यावर नुसतं ‘ग्रब’ (लिनक्ससोबत येणारा, विंडोज की लिनक्स ते निवडू देणारा बूट प्रोग्राम) आणि लुकलुकणारा कर्सर.

अशा वेळी डेटा बहुधा जागेवरच असतो. हरवलेला असतो तो पत्ता. संगणक चालू होताना एक प्रोग्राम दुसऱ्याला शोधतो, दुसरा तिसऱ्याला, आणि प्रत्येकाकडे पुढच्याचा पत्ता लिहून ठेवलेला असतो. म्हणून पार्टिशन बदलण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: या बदलानं कुणाचा पत्ता बदलणार आहे?

पत्ते कुठे कुठे लिहिलेले असतात

पार्टिशन टेबल म्हणजे डिस्कचा सातबारा. कुठून कुठपर्यंत कोणाची जमीन, एवढंच त्यात असतं. पार्टिशन ‘डिलीट’ केलं की उताऱ्यावरची नोंद जाते; शेतातली द्राक्षबाग उभीच राहते. म्हणून नुसतं डिलीट झालेलं पार्टिशन टेस्टडिस्कसारख्या साधनानं परत मिळू शकतं. मात्र त्या जागेवर नवं काही लिहिलेलं नसावं. फॉरमॅट हा वेगळा प्रकार आहे. फॉरमॅट केलं की त्या जागेला नवीन ओळख मिळते.

या ओळखीला यूयूआयडी म्हणतात. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘एलएसबीएलके -एफ’ ही आज्ञा दिली की प्रत्येक पार्टिशनसमोर तो दिसतो. (इथल्या सगळ्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं वापरा. मोठी अक्षरं लागतील तिथे तसं सांगितलं आहे.) लिनक्सच्या एक्स्ट४ पार्टिशनचा यूयूआयडी लांबलचक, मधल्या आडव्या रेघा धरून ३६ चिन्हांचा असतो. विंडोजच्या एनटीएफएसचा १६ चिन्हांचा. आणि फॅट३२चा अगदी छोटा: चार चिन्हं, रेघ, पुन्हा चार चिन्हं. एकदा नजर बसली की कोणतं पार्टिशन कुणाचं हे नुसत्या यूयूआयडीवरून ओळखता येतं.

जीपीटी या नव्या पद्धतीचं पार्टिशन टेबल असलेल्या डिस्कवर, म्हणजे साधारण २०१२नंतरच्या बहुतेक मशीनवर, हे पत्ते चार ठिकाणी असतात.

पहिला मदरबोर्डच्या चिपमध्ये. ‘उबंटू’ किंवा ‘विंडोज बूट मॅनेजर’ या नोंदी तिथे असतात. त्यात ईएसपी नावाच्या, बूट प्रोग्राम ठेवलेल्या छोट्या फॅट३२ पार्टिशनचा जीपीटीमधला क्रमांक-ओळखपत्ता आणि त्यातल्या फाइलचा मार्ग लिहिलेला असतो. विंडोज स्वतः ईएसपी बनवतं तेव्हा ते साधारण १०० एमबीचं असतं. कंपनीकडून आलेल्या लॅपटॉपवर २६० एमबीचंही दिसतं.

दुसरा ईएसपीमध्येच. उबंटूच्या फोल्डरमध्ये ग्रबची तीन ओळींची छोटी फाइल असते. ‘अमुक यूयूआयडीचं पार्टिशन शोध आणि तिथली खरी मेनू-फाइल वाच’, एवढंच तिचं काम.

तिसरा लिनक्सच्या ‘/ईटीसी/एफएसटॅब’ फाइलमध्ये: चालू होताना कोणती पार्टिशनं जोडायची याची यादी. हीही यूयूआयडीवरच चालते.

चौथा विंडोजच्या बीसीडी या बूट-नोंदवहीत.

एमबीआर या जुन्या पद्धतीच्या डिस्कवर गोष्ट जास्त नाजूक असते. पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये ४४६ बाइटचा बूट कोड, ६४ बाइटचं टेबल आणि शेवटी २ बाइटची खूण, एवढीच जागा. ग्रबचा पहिला तुकडा त्या ४४६ बाइटमध्ये बसतो आणि दुसरा पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या रिकाम्या जागेत. उरलेला ग्रब लिनक्सच्या पार्टिशनमध्ये असतो. ते पार्टिशन गेलं की ग्रबचं डोकं शाबूत पण हातपाय नाहीत, अशी अवस्था. शिवाय एमबीआरवर विंडोजची बीसीडी पार्टिशन डिस्कवर नेमकं कुठून सुरू होतं हेही धरून ठेवते. त्यामुळे तिथे सी ड्राइव्हची सुरुवात पुढेमागे सरकवली तर विंडोज अडतं.

कोणता बदल निर्धोक, कोणता नाही

पार्टिशन उजव्या टोकानं लहान किंवा मोठं केलं तर यूयूआयडी बदलत नाही. बूटिंगला धक्का नाही.

डावीकडची सुरुवात सरकवली तरी जीपीटीवर यूयूआयडी तोच राहतो आणि संगणक सहसा नीट चालू होतो. पण आतला डेटा अख्खा उचलून दुसरीकडे ठेवावा लागतो. हार्ड डिस्कवर याला तास-दोन तासही लागतात, आणि मध्येच वीज गेली तर अर्धा डेटा इकडे, अर्धा तिकडे. मे महिन्यात दुपारनंतर वळवाचं आभाळ भरून आलेलं असताना यूपीएसशिवाय डेस्कटॉपवर हे काम सुरू करू नका. लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली आणि चार्जर लावलेला हवा.

फॉरमॅट केलं, किंवा डिलीट करून नव्यानं बनवलं, तर पत्ता बदलतो. आकार, नाव, जागा तंतोतंत तीच ठेवली तरी बदलतो. नवखे लोक इथेच फसतात.

आता पार्टिशनच्या क्रमांकाबद्दल. ५१२ जीबीच्या एसएसडीवर (विंडोज ती सुमारे ४७६ जीबी दाखवतं) नेहमीचा क्रम असा असतो: १ ईएसपी, २ मायक्रोसॉफ्टचं १६ एमबीचं राखीव पार्टिशन (डिस्क मॅनेजमेंटमध्ये हे दिसतच नाही), ३ सी ड्राइव्ह, ४ रिकव्हरी. सी लहान करून मधल्या जागेत लिनक्स टाकलं की त्याला क्रमांक मिळतो ५, पण डिस्कवर ते ४च्या आधी बसलेलं असतं. जीपार्टेड या लिनक्समधल्या पार्टिशनच्या साधनात ३, ५, ४ असा क्रम दिसला की काहीतरी बिघडलंय असं वाटून तो ‘सरळ’ करायचा मोह होतो. करू नका. तो बरोबरच आहे. एमबीआरवर मात्र क्रमांक आपोआप बदलतात: लॉजिकल, म्हणजे एका मोठ्या पार्टिशनच्या पोटातली, पार्टिशनं ५पासून सुरू होतात, आणि ५वं उडवलं की ६वं स्वतःच ५वं होतं. ग्रबनं ‘६वं’ असं लक्षात ठेवलं असेल तर तो चुकीच्या दारात जाऊन उभा राहतो.

तयारी: अर्धा तास, पण टाळायचा नाही

टॅलीवर हिशेब चालणारं मशीन असेल तर मार्चअखेर हे काम काढू नका. डेटाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या. त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर घेतलेली प्रत धरू नका, कारण पार्टिशन टेबल बिघडलं तर डीसुद्धा सोबतच जातो.

१. विंडोजमध्ये ‘एमएसइन्फो३२’ उघडा आणि बायोस मोडसमोर यूईएफआय (संगणक चालू होण्याची नवी पद्धत) आहे की लेगसी (जुनी) ते पाहा. पुढची सगळी दुरुस्ती यावर ठरते.

२. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं संरक्षण, तपासा. विंडोज ११च्या कित्येक लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन मालकाच्या नकळत चालू असतं. बूटच्या साखळीत बदल झालेला दिसला की ते ४८ अंकी रिकव्हरी की मागतं, आणि ती नसेल तर डेटा मिळत नाही. कोणत्याही दुकानात नेलं तरी मिळत नाही. ही की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात डिव्हाइसखाली सापडते. ती कागदावर लिहून घ्या, म्हणजे आकडे खरोखर कागदावर उतरवा, आणि मगच संरक्षण तात्पुरतं थांबवा. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -डिसेबल सी:’ ही आज्ञा. नुसती दिली तर एका रीस्टार्टनंतर संरक्षण आपोआप परत सुरू होतं. काम लांबणार असेल तर पुढे ‘-आरसी ०’ जोडा.

३. फास्ट स्टार्टअप बंद करा: ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’. फास्ट स्टार्टअप चालू असताना विंडोज ‘बंद’ केलं तरी ते खरं अर्धवट झोपलेलं असतं. अशा एनटीएफएसला जीपार्टेड हात लावायला नकार देतं, आणि लिनक्समधून ते फक्त वाचता येतं.

४. लिनक्समध्ये ‘एलएसबीएलके -एफ’ आणि ‘सुडो ईएफआयबूटएमजीआर -व्ही’ या दोन आज्ञांचा निकाल आणि एफएसटॅब फाइल, तिन्हींचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा. अडचण आली की हेच फोटो बघून काम होतं.

५. किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंटची लाइव्ह (इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरूनच चालणारी) प्रत बनवा आणि ती खरंच चालू होते का ते आधीच बघा. मिंटच्या लाइव्ह प्रतीत बूट रिपेअर हे बूटिंग दुरुस्त करणारं साधन आधीपासूनच असतं, म्हणून नवख्यांना मिंटच घ्या असं आमचं सांगणं. पेन ड्राइव्हवरून चालू करायची कळ कंपनीगणिक वेगळी: डेल, लेनोव्हो, एसर यांवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, आसूसवर एस्केप. त्या यादीत एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसला तर मशीन यूईएफआयचं असताना ज्याच्या नावात यूईएफआय आहे तोच निवडा. दुसऱ्यावरून चालू करून केलेली ग्रबची दुरुस्ती चुकीच्या पद्धतीची होते आणि फुकट जाते.

लिनक्सला जागा वाढवायची असेल

सी ड्राइव्ह विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करा: सीवर उजवं क्लिक, ‘श्रिंक व्हॉल्यूम’. बिटलॉकर असलेला सी जीपार्टेडला लहान करता येत नाही, विंडोजला येतो. १०० जीबी मोकळे असूनही ते फक्त ८-१० जीबीच देऊ करत असेल तर मध्ये न हलणाऱ्या फाइल्स आहेत: पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती फाइल), सिस्टिम रिस्टोरच्या प्रती. पेजफाइल आणि सिस्टिम रिस्टोर तात्पुरते बंद करा, रीस्टार्ट करा, पुन्हा प्रयत्न करा. सीवर निदान १५-२० टक्के जागा मोकळी सोडा, नाहीतर विंडोजच्या पुढच्या मोठ्या अपडेटला जागा पुरत नाही.

मोकळी झालेली जागा सीच्या उजवीकडे, म्हणजे लिनक्सच्या डावीकडे येते. लिनक्स त्यात पसरवायचं तर त्याची सुरुवात सरकवावी लागणार. आमच्या मते हे टाळावं. मोकळ्या जागेत नवं एक्स्ट४ पार्टिशन बनवा आणि मोठ्या फाइल्स तिकडे हलवा: व्हिडिओ, व्हर्च्युअल मशीन, डाउनलोड. बूटिंगचा एकही पत्ता बदलत नाही. हे पार्टिशन एफएसटॅबमध्ये नोंदवताना ‘डिफॉल्ट्स’नंतर स्वल्पविराम देऊन ‘नोफेल’ लिहा, म्हणजे उद्या ते सापडलं नाही तरी लिनक्स अडून बसणार नाही.

सरकवायचंच असेल तर लाइव्ह पेन ड्राइव्हवरून जीपार्टेड उघडा, स्वॅप (रॅम कमी पडली की लिनक्स वापरतं ते पार्टिशन) असेल तर त्यावर उजवं क्लिक करून ‘स्वॅपऑफ’ करा, लिनक्सचं पार्टिशन डावीकडे ओढा, ‘अप्लाय’ दाबा आणि मशीनजवळून हलू नका.

विंडोजला जागा वाढवायची, लिनक्स काढायचं

सगळ्यात जास्त मशीन इथे अडतात, आणि कारण प्रत्येक वेळी एकच: कामाचा क्रम उलटा. लिनक्सचं पार्टिशन आधी उडवलं जातं, आणि ग्रब ईएसपीमध्ये तसाच पहिल्या क्रमांकावर राहतो. पुढच्या वेळी तो आपली मेनू-फाइल शोधतो, सापडत नाही, आणि प्रॉम्प्ट दाखवून थांबतो.

बरोबर क्रम असा. आधी बायोस सेटअपमध्ये जाऊन ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिल्या क्रमांकावर आणा. मशीन दोनदा रीस्टार्ट करून थेट विंडोज येतं याची खात्री करा. मगच डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सचं पार्टिशन डिलीट करा. तिथे लिनक्सचं पार्टिशन नावाशिवाय, ड्राइव्ह अक्षराशिवाय, फाइल सिस्टिमचा रकाना रिकामा असं दिसतं. ईएसपी आणि रिकव्हरीलाही ड्राइव्ह अक्षर नसतं, म्हणून आकार तुमच्या फोटोशी ताडून पाहिल्याशिवाय हात लावू नका. १०० किंवा २६० एमबीचं ईएसपी कधीच काढायचं नाही, त्यात विंडोजचाही बूट प्रोग्राम आहे.

मोकळी जागा सीला लागूनच उजवीकडे असेल तर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ चालेल. मध्ये रिकव्हरी आडवं आलं तर तो पर्याय करडा दिसतो. ‘रीएजंटसी /डिसेबल’ दिल्याशिवाय रिकव्हरीला हलवू नका, आणि काम झाल्यावर ‘रीएजंटसी /एनेबल’ विसरू नका. रिकव्हरी गेल्यानं रोजचं बूटिंग थांबत नाही, पण विंडोज बिघडेल त्या दिवशी दुरुस्तीची साधनं मिळत नाहीत. ते फार लहानही नको: जानेवारी २०२४मधलं केबी५०३४४४१ हे अपडेट विंडोज १०च्या असंख्य मशीनवर ०एक्स८००७०६४३ या चुकीनं अडलं, कारण रिकव्हरीत जागा कमी होती, आणि मायक्रोसॉफ्टनं ते २५० एमबीनं वाढवायला सांगितलं.

एमबीआर डिस्कवर आणखी एक सापळा आहे. चार प्रायमरी पार्टिशनं झाली की विंडोज नवं बनवताना ‘डिस्क डायनॅमिक करू का’ असं विचारतं. उत्तर नेहमी ‘नाही’. ‘हो’ म्हटलं तर लिनक्स चालू होणं बंद होतं, आणि परत बेसिक करण्याचा सरळ मार्ग विंडोजमध्ये नाही.

अडलंच तर: पडद्यावर काय दिसतंय ते आधी वाचा

‘ग्रब>’ असा प्रॉम्प्ट यूईएफआय मशीनवर आला तर आधी नुसतं ‘एक्झिट’ लिहून एंटर मारा. बऱ्याच मशीनवर पुढची बूट-नोंद, म्हणजे विंडोज, चालू होते. तेवढंच हवं असेल तर बायोसमध्ये क्रम बदला, काम संपलं.

‘ग्रब रेस्क्यू>’ आला आणि लिनक्सचं पार्टिशन अजून आहे, फक्त क्रमांक हलला, तर ‘एलएस’ द्या. (एचडी०,एमएसडॉस५), (एचडी०,एमएसडॉस६) अशी यादी येते. प्रत्येकापुढे तिरकी रेघ देऊन पुन्हा ‘एलएस’ करत जा. ज्यात ‘बूट’, ‘ईटीसी’, ‘होम’ ही फोल्डर दिसतील ते तुमचं लिनक्स. मग एकापाठोपाठ:

सेट रूट=(एचडी०,एमएसडॉस५)
सेट प्रिफिक्स=(एचडी०,एमएसडॉस५)/बूट/ग्रब
इनस्मॉड नॉर्मल
नॉर्मल

मेनू येईल. ही फक्त एका वेळेपुरती वाट आहे. लिनक्स चालू झाल्यावर टर्मिनलमधून ‘सुडो ग्रब-इन्स्टॉल’ आणि पुढे डिस्कचं नाव, मग ‘सुडो अपडेट-ग्रब’. डिस्कचं नाव ‘/डेव/एसडीए’ असं, शेवटी आकडा नाही. आकडा लावला तर ग्रब पार्टिशनमध्ये बसवण्याचा प्रयत्न होतो आणि चूक येते.

लिनक्स चालू होतं पण एका ओळीवर अडतं, ‘स्टार्ट जॉब इज रनिंग’, आणि १ मिनिट ३० सेकंदांपर्यंत मोजत राहतं: एफएसटॅबमध्ये नोंदलेलं पार्टिशन आता त्या यूयूआयडीचं उरलेलं नाही. बहुतेक वेळा ते स्वॅप असतं. दुसरं लिनक्स बसवताना इन्स्टॉलर जुनं स्वॅप बऱ्याचदा पुन्हा फॉरमॅट करतो, आणि पहिल्या लिनक्सला त्याचा पत्ता लागत नाही. स्वॅपऐवजी डेटाचं किंवा ईएसपीचं पार्टिशन असेल तर ती वेळ संपल्यावर ‘इमर्जन्सी मोड’ येतो. तिथे पासवर्ड देऊन किंवा एंटर दाबून आत जा, ‘नॅनो /ईटीसी/एफएसटॅब’ उघडा, त्या ओळीच्या सुरुवातीला हॅश चिन्ह टाका, जतन करा, रीस्टार्ट करा. नंतर ‘सुडो बीएलकेआयडी’नं नवा यूयूआयडी बघून ओळ दुरुस्त करा. स्वॅपचा पत्ता उबंटू-मिंटवर ‘रिझ्यूम’ नावाच्या आणखी एका फाइलमध्येही असू शकतो, ‘/ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/कॉन्फ.डी’ या फोल्डरमध्ये. ती बदलली की ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ द्यावंच लागतं.

ग्रबचा मेनू येतो पण त्यात विंडोज नाही: पार्टिशन गेलेलं नाही. २०२१च्या ग्रब २.०६पासून इतर सिस्टिम शोधण्याचं काम मुळातच बंद ठेवलेलं असतं. ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’मध्ये ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स’ ही ओळ टाका (बरोबरच्या चिन्हाआधीचं सगळं इंग्रजी मोठ्या अक्षरांत, ‘फॉल्स’ छोट्या) आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा.

निळ्या पडद्यावर ०एक्ससी००००००ई: बीसीडीला विंडोजचा पत्ता सापडत नाही. विंडोजच्या इन्स्टॉल पेन ड्राइव्हवरून ‘रिपेअर युअर कॉम्प्युटर’मधून कमांड प्रॉम्प्ट उघडा. ‘डिस्कपार्ट’, ‘लिस्ट व्हॉल्यूम’, मग ईएसपीचा क्रमांक देऊन ‘सिलेक्ट व्हॉल्यूम’, ‘असाइन लेटर=एस’, ‘एक्झिट’. त्यानंतर ‘बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय’. दुरुस्तीच्या पडद्यावर विंडोजचं अक्षर सी नसून डी किंवा ई असू शकतं, ते यादीत पाहून घ्या. मोबाइलवर व्हिडिओ बघून ‘बूटरेक /फिक्सएमबीआर’ मारण्याची सवय आहे. यूईएफआय मशीनवर त्याचा उपयोग नाही, आणि एमबीआर मशीनवर तो ग्रबचा पहिला तुकडा पुसतो.

ईएसपीच उडालं असेल आणि त्या जागी नव्यानं बनवलं असेल, तर दोन्ही बाजू दुरुस्त कराव्या लागतात: विंडोजसाठी वरचं बीसीडीबूट, आणि लिनक्ससाठी मिंटच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून बूट रिपेअरचा ‘रेकमेंडेड रिपेअर’. त्याआधी तयारीत घेतलेला एफएसटॅबचा फोटो उघडा. ‘/बूट/ईएफआय’च्या ओळीतला आठ चिन्हांचा जुना पत्ता आणि नव्या ईएसपीचा पत्ता वेगळे असतील, ती ओळ बदलली नाही तर ग्रब नीट होऊनही लिनक्स इमर्जन्सी मोडमध्येच जाईल.

सगळं सुरू झाल्यावर दोन्ही सिस्टिम दोन-दोनदा पूर्ण बंद करून चालू करा. मग विंडोजमध्ये पेजफाइल आणि सिस्टिम रिस्टोर परत चालू करा, आणि बिटलॉकर थांबवलं असेल तर ‘मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -एनेबल सी:’ द्या. फास्ट स्टार्टअप मात्र लिनक्स शेजारी आहे तोवर बंदच राहू द्या.